हौसाच्या दारचा खड्डा

१९८४च्या डिसेंबरात कोलाड–रोहा रस्त्याचे खड्डे भरायला दोन टोळ्या होत्या. एकीची डांबराची भट्टी कोलाडला, दुसरीची रोह्याला. अभियंता जोसेफ यांनी बारा किलोमीटरचे दोन सारखे भाग केले. रेघ आली सहाव्या किलोमीटरवर, हौसाच्या वाडीसमोर.

हौसा कोलाडच्या टोळीत घमेली वाहायची. ती म्हणाली, "साहेब, आमच्या दारचा खड्डा दोन्ही भट्ट्यांपासून लांब. थंडीत माल पोचेस्तोवर निवतो. दरसाल महिन्याभरात उखडतो. जनू त्यातच पडला."

जनू तिचा मुलगा, धाटावला कंपनीत. गेल्या वर्षी पहाटेच्या शिफ्टला सायकलवरून जाताना त्याचं खांद्याचं हाड मोडलं होतं.

"माल निवला हे कळतं कसं?" जोसेफनी विचारलं.

"डोक्याला. चुंबळीतून धग लागते तोवर माल बरा."

मुकादम केरू म्हणाला, "सरकारी थर्मामीटर हाय साहेब आमचा. लुगडं नेसतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला जोसेफ कोलाडहून ट्रॅक्टरवर बसले. दर अर्ध्या किलोमीटरला थांबायचं, हौसाने भरलं घमेलं डोक्यावर घ्यायचं. साडेचार किलोमीटरवर ती म्हणाली, "निवला."

केरू जवळ आला. "नीट बघ गो. रेघ हितं आली तर दीड किलोमीटर रोहावाल्यांना जाईल. आपलं चार दिवसांचं काम गेलं."

"माझंबी गेलं. पण निवलाय."

तिसऱ्या दिवशी तेच रोह्याहून केलं. त्या टोळीकडे ट्रॅक्टर नव्हता, ट्रक होता; तो कितीतरी वेगाने जायचा. वाडी मागे पडली, साडेचारची खूण आली, तरी धग लागत होती.

जोसेफनी जुनी रेघ खोडून नवी साडेचारवर मारली. कोलाडची टोळी चार दिवस आधी घरी बसली. केरू दोन दिवस हौसाशी बोलला नाही.

रोह्याची टोळी वाडीवर आली तेव्हा हौसा दारातच होती. शांती नावाची बाई घमेलं घेऊन खड्ड्याकडे निघाली. हौसाने तिला थांबवलं आणि घमेलं चुंबळीसकट आपल्या डोक्यावर घेतलं.

"का गो, इस्वास नाय?" शांती म्हणाली.

हौसाने घमेलं डोक्यावर दाबून धरलं.

"गरम हाय," ती म्हणाली आणि माल आपल्याच हाताने खड्ड्यात ओतला.