नामीमावशीचं दुसरं नाव

नामीमावशीचा चालता हात पलंगाला बांधला गेला, तो माझ्यामुळे. माझगावच्या चाळीत तीस वर्षं तिच्या भिंतीला भिंत लावून राहिले मी, नलू परब, आणि हे मीच केलं.

ती ख्रिस्ती, शाळेत मराठी शिकवायची, आम्ही मालवणकडचे. तिचं नाव ऐकून पहिल्याच दिवशी मी हसले होते. "नामी? म्हणजे एकदम झकास!"

"अगं, पवित्र शास्त्रातलं नाव आहे," ती म्हणाली. "अर्थ मनोहर, गोड."

पुढे तिचा नवरा गेला, मग थोरला मुलगा, आणि या मार्चमध्ये धाकटाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं मीच जिन्यात कोणापाशी तरी बोलले. माझ्या जिभेला हाड नाही.

धाकट्याला माती देऊन आली आणि आठवड्याभरात मावशीला अर्धांगाचा झटका आला. तोंड वाकडं झालं, शब्द अर्धेच बाहेर यायचे. मी रोज हॉस्पिटलात डबा न्यायचे. "नामीमावशी" म्हटलं की ती जोरजोरात मान हलवायची. "नामी नको. मला मारा..." पुढचं पुटपुटणं कळायचं नाही.

"असं अभद्र बोलू नका हो," मी म्हणायचे आणि हट्टाने पुन्हा नामीमावशी, नामीमावशी करायचे. वाटायचं, ओळखीच्या नावाने जीव रमेल.

शेवटी घाबरून मी नर्सला सांगितलं, मावशी मरण मागतायत. "सलाईनची नळी ओढून काढतील. रिस्क नको," म्हणत तिने तो एकच धड हात पट्टीने बांधला. मावशीने माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी गेली, तेव्हाही हात बांधलेलाच होता.

शिवडीच्या कबरस्तानात चर्चच्या पाळकांनी तिच्या नावाची गोष्ट सांगितली. शास्त्रातल्या नामीचाही नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. ती गावी परतली तेव्हा बायका "नामी आली" म्हणू लागल्या. ती त्यांना म्हणाली, आता मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. मारा म्हणजे कडू.

काय मूर्ख मी! तीस वर्षं ती मला अगंतुगं करायची. जीवच घ्यायला सांगायचं असतं तर "मार" म्हणाली असती, "मारा" कशाला? व्याकरण शिकवण्यात जन्म गेला तिचा. तिला मरण नको होतं. आपलं सगळं कडू झालंय हे कोणीतरी मान्य करावं, त्या नावाने एकदा हाक मारावी, एवढंच हवं होतं. ते मी दिलं नाही आणि आता द्यायला ती नाही.

लोक माती लोटायला लागले. मी कबरीपाशी वाकून मोठ्याने हाक मारली, "मारा, मावशी! मारा!"

चाळीतली लतिका उशिरा पोचली होती. तिने धावत येऊन माझा हात घट्ट धरला. "नलूताई," ती म्हणाली, "असं अभद्र बोलू नका हो."