काचेत अडकलेला उजेड

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. पातळ, पांढरा आणि सेंद्रिय! सेंद्रिय म्हटलं की तुम्हाला बाजारातला गूळ आठवेल, पण मी तसला नव्हे. कार्बनी पदार्थांचे कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ थर काचेवर चढवतात. त्यांतून वीज सोडली, की निळा आणि पिवळा उजेड मिसळून मी पांढरा उजळतो.

बेळगावातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करणाऱ्या शाल्मलीने मला घडवलं. माझा निम्म्याहून अधिक उजेड काचेतच अडकून वाया जायचा. तिने माझ्या काचेवर बारीक फुगवट्यांची फिल्म चिकटवली आणि तेवढ्याच विजेत मी दीडपट उजळलो. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही फुशारून गेलो.

मग खंडेनवमी आली. प्रयोगशाळेतले मदतनीस, उचगावचे भावकूअण्णा, दरवर्षी सगळ्या यंत्रांची पूजा करत. त्यांनी मलाही हळदकुंकू लावलं. "लई उजेड पाड रं बाबा, पोरीचं नाव हुंदे," ते म्हणाले.

दसरा झाल्यावर धारवाडहून तपासणीला पाहुणे आले आणि मी नेमका मंदावलो. शाल्मलीचा पारा चढला. "अण्णा, कुंकू फासायला कुणी सांगितलंतं? सगळी मेहनत मातीत घातलीत माझी!"

"चुकलं गं आक्का. मला ठावं न्हवतं," म्हणत अण्णांनी पाहुण्यांसमोर हात जोडले.

पाहुणे गेल्यावर तिने कुंकू पुसलं. तरी मी मंदच. मग तिला माझ्या कोपऱ्यातले काळे डाग दिसले. सुट्टीआधी काम उरकायच्या घाईत माझ्या कडेचा डिंक तिनेच नीट लावला नव्हता. तिथून ओल शिरली होती. अण्णा बाहेर पाहुण्यांचे कप विसळत होते. त्यांना काही न सांगता तिने मला काचेच्या कपाटात ठेवलं.

ओल माझ्या पोटात आणि बोल अण्णांना! त्या दिवसापासून मला मान वर करवत नाही. देवाने तोंड दिलं असतं, तर मीच ओरडून सांगितलं असतं.

शाल्मलीचा नवा दिवा माझ्याहून कितीतरी उजळ आहे. त्याच्या काचेत फारसा उजेड अडकत नाही. अण्णांना सांगायचा, तिच्या गळ्यात अडकलेला शब्द मात्र अजून तिथेच आहे.

मित्रांनो, दिव्यांना ओलीपासून जपा. आणि चूक आपली आहे असं कळलं, तर ते त्याच माणसाला, चारचौघांत सांगा. यंदाच्या खंडेनवमीलाही अण्णा आले होते. त्यांनी कुंकू उंबऱ्याला लावलं आणि बाहेरूनच हात जोडले.