तेराव्या मजल्याची आरती

येलहंक्यातल्या त्या बिल्डिंगला तेरावा मजला नव्हता. म्हणजे होता, चांगला ऐसपैस होता. पण पद्माकरकाकांनी बिल्डरच्या मागे लागून त्याचं नाव '१२ए' करून घेतलं होतं. निवृत्त इंजिनिअर, बोलणं सदा विज्ञानाचं, आणि तेरा म्हटलं की घाम! गणपतीच्या पहिल्या आरतीचं ताटही दरवर्षी त्यांच्याच हातात. त्यांच्या शेजारच्या चंद्राबाई अक्का, मूळच्या निपाणीच्या, अख्ख्या सोसायटीचे मोदक वळायच्या आणि आरतीला पार मागे, चपलांपाशी उभ्या राहायच्या.

"एकदा तरी ते ताट धरावं वाटतंय बघ," अक्का सोसायटीतल्या केतकीला म्हणाल्या. केतकीनं ते मनावर घेतलं.

पोरगी सॉफ्टवेअरवाली. तिनं बुकिंगची लिंकच बनवली. लिंकच्या शेवटी फ्लॅटचा नंबर टाकायचा, बटण दाबायचं. जो पहिला, त्याची पहिली आरती. काका खूश. आपल्याहून चपळ कोण आहे इथे!

पण नंबराच्या जागी फक्त आकडेच चालतील, असं केतकीनं कोडमध्ये बजावून ठेवलं होतं. अक्षर दिसलं की सर्व्हर दारातूनच हाकलणार. ग्रुपवर तिनं इमानदारीत लिहिलंही, '१२एवाल्यांनी १३ टाकावे.' काकांनी उत्तर दिलं, 'आमच्या मजल्याचं अधिकृत नाव १२ए आहे.'

रविवारी सकाळी बुकिंग उघडलं. क्लबहाउसमध्ये सगळ्यांदेखत काकांनी ऐटीत '१२ए०४' टाकलं.

'हा फ्लॅट अस्तित्वात नाही.'

"नाही कसा? आत्ता तिथे पोहे खाऊन आलो!"

त्यांनी 'ए' गाळून १२०४ टाकलं. 'नमस्कार, प्रणीत!'

"काका, माझ्या घरात कुठे घुसताय?" खालच्या मजल्यावरचा प्रणीत ओरडला, आणि क्लबहाउस खदखदून हसलं.

"तेरा टाका ना, काका," केतकी साखर पेरत म्हणाली.

"देवाच्या कामात तेरा? शिव शिव!" काकांचं बोट एकावर टेकायचं, तिनापाशी जायचं आणि चटका बसल्यासारखं मागे यायचं.

तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला. "केतकी, स्वल्प बघ गं. एक, तीन, शून्य, दोन... सरी, बरोबर आहे ना?"

भिंतीवरच्या पडद्यावर अक्षरं उमटली: 'पहिली आरती, चंद्राबाई, १३०२.'

काका केतकीवर उखडले. "हे दुरुस्त होत नाही?"

"होतं की. एक शब्द बदलायचा."

"मग बदलला का नाहीस?"

"बदलते ना, काका. विसर्जन झालं की लगेच!"

चतुर्थीला अक्का इरकली नेसून आल्या. ताट हातात घेतलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि केतकीचेही. काका रुसून पार मागे उभे होते, हात बांधून. निरांजन पेटवता पेटवता अक्कांनी मागे वळून पाहिलं आणि त्या थांबल्या.

"अण्णा, पुढं या," त्या काकांना म्हणाल्या. "तिथनं बाप्पा दिसत नाही. मला ठाऊक आहे."