नीळ जरा जास्त

मास्तरांनी आपला सदरा परटाच्या ओट्यावर आणून टाकला आणि विचारलं, की आता वर्गात उभं राहून शिकवायचं, का आभाळ होऊन छताला टांगून घ्यायचं? परटानं सदरा उन्हात धरला, उलटासुलटा केला, पिवळट राहिलाय खरा म्हणाला आणि आणखी थोडी नीळ घालायचं कबूल केलं. मास्तर कपाळाला हात लावून निघून गेले.

बादलीत नीळ सोडायचं काम या गड्यानं जन्मात दुसऱ्या कुणाला करू दिलं नव्हतं, बायकोलाही नाही. ती नेमकी त्या आठवड्यात लेकीकडे गेली होती. परत आल्यावर तिनं तो सदरा पाहिला आणि दुसऱ्या सकाळी नवऱ्याला धरून बाजारगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून दोन्ही डोळे तपासले. मोतीबिंदू निघाला. मग तो पिकू दे, म्हणजे येतो, असं म्हणून परीट उठायलाच लागला. पिकायची वाट आता कुणी बघत नाही, बाई म्हणाल्या.

"तुमचं काम अडतंय का, तेवढं सांगा."

"माझं कशाला अडतंय? तुमचा हा पिवळा पडलेला कोट द्या, नीळ घालून लखलखीत करून देतो."

कोट त्याच सकाळी घडी मोडलेला, नवा कोरा होता. बाईंनी हसू गिळलं आणि जास्त खराब असलेल्या उजव्या डोळ्याची तारीख दिली.

त्या दिवशी डोळ्यात थेंब घालून तो बधिर केला, तोंडावर कापड टाकलं, तेवढा डोळा उघडा ठेवला. परीट मनातून पुरता टरकला होता. डोकं हलवू नका, खोकला आला तर आधी सांगा, असं बाई बोलत राहिल्या आणि बोलता बोलता आतलं गढूळ भिंग काढून नवं बसवलंही.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाईंचा कोट पांढराशुभ्र. परटानं उजवा डोळा मिटला तर कोट पिवळा, डावा मिटला तर पांढरा. लहान पोरासारखा तो हा खेळ करत बसला. मग बायको नसताना धुतलेला, अंगातला आपलाच सदरा त्याला दिसला. निळाशार. मग इतके दिवस गावाचे कपडे कसे चालले? मास्तर सोडले तर कुणाची तक्रार कशी नाही? तेवढ्यात पिशवी धरलेल्या बायकोच्या हातांकडे त्याची नजर गेली. नखांच्या कडा निळ्या होत्या.

"माझ्यामागं तू कपडे परत धूत होतीस?"

"धूत कुठं होते? नुसते खंगाळत होते."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा बादलीला हात लावला नसता. कपडे काय हो, परत खंगाळता येतात."

तेवढ्यात बाईंनी बजावलं, की काही दिवस वाकायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धुणं तर मुळीच नाही. एरवी त्यानं वाद घातला असता. आज त्यानं मान डोलावली आणि बायकोच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली.

"मास्तरांच्या सदऱ्याला नीळ तूच घाल," तो म्हणाला, आणि मग राहवलं नाही म्हणून, "पण चिमूटभरच."