चुकलेल्या नंबरचं कार्ड

मी फोटोफ्रेमच्या दुकानातला कटर बोलतोय. स्वभावाने जळकुटा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी नाक मुरडायला नको. पायाने पॅडल दाबलं की माझी दोन पाती खाली येतात आणि लाकडी पट्टी तिरकी कापली जाते. अशा चार पट्ट्या जुळवल्या की झाली फ्रेम.

दुकानाच्या मालकीणबाईंनी मला जुन्या बाजारातून आणलं, तो त्यांच्या पहिल्यावहिल्या धंद्याचा पहिला दिवस होता. टेम्पोतून उतरवताना हमालांच्या हातून मी निसटलो आणि धाडकन आपटलो. लाकूड टेकवायची माझी डावी कड केसभर वाकली.

बाईंची धाकटी बहीण म्हणाली, "ताई, परत कर हे धूड."

"राहू दे गं," बाई म्हणाल्या. "माझीही पहिलीच वेळ आहे. मीही कुठेतरी आपटणारच."

तेव्हापासून मी त्यांचा झालो. त्याच आठवड्यात दुकानाची कार्डं छापून आली, ती फोन नंबर चुकलेली. सगळा गठ्ठा रद्दीत गेला. एक कार्ड मात्र बाईंनी दुमडून माझी वाकडी कड आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवलं, आणि काय सांगू, कोपरा असा बसला की नखसुद्धा शिरेना! मग दर वेळी अंगठ्याने कार्ड सरकवायचं, पॅडल दाबायचं, कार्ड पुन्हा माझ्याच अंगातल्या एका फटीत खोचून ठेवायचं. बोलता बोलता, गुणगुणता गुणगुणता.

चौदा वर्षं आमचं असं छान चाललं होतं. मग सवत आली. पुरुषासारखा पुरुष मी, आणि मला सवत! निळी, गुळगुळीत पाठीची फाईल.

झालं असं की बाईंचं उजवं मनगट कामातून गेलं. डॉक्टर म्हणाले, अजून वर्षभर हातोडी चालवलीत तर चहाचा कपही उचलता येणार नाही. लगेच धाकटी बहीण ती फाईल घेऊन हजर. "ताई, दुकान विकायचं तर आत्तापासून तयारीला लाग. तुझ्यावाचून चाललं तरच कुणी घेईल. तुझ्या डोक्यात आहे ते सगळं ह्यात उतरव."

बाई उतरवू लागल्या. मला तेल घालणारा हात दुपार दुपार तिच्या पानांवरून फिरू लागला. काच कशी कापायची, कुठल्या गिऱ्हाइकाला दोन दिवस जास्तच सांगायचे, माझी पाती धारेला कधी पाठवायची. अहो, माझं सगळं दुखणंखुपणं त्या भवानीच्या कानात! माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी घेणारा गृहस्थ आला. जाड चष्मा, कमी बोलणं. त्याची एकच अट होती. "बाई, उद्या दिवसभर तुम्ही यायचं नाही. मी फक्त फाईल बघून एक फ्रेम करीन. जमली तर दुकान घेतलं."

दुसऱ्या दिवशी त्याने फाईल माझ्या शेजारी उघडी ठेवली आणि पट्टी कापली. कोपऱ्यात फट. पुन्हा कापली, पुन्हा फट. पाचव्या पट्टीला त्याने कपाळाचा घाम पुसला. मी मनात म्हटलं, विचार की तुझ्या फाईलला! कार्डाबद्दल तिच्यात एक अक्षरही नव्हतं. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

संध्याकाळी बाईंना बोलावणं गेलं. त्या आल्या, चपला काढल्या, पट्टी कापली. कोपरा घट्ट.

"पुन्हा करा," तो म्हणाला. "हात बघू द्या... हां! हे काय सरकवलंत?"

"कुठे काय?" बाईंनी स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि मटकन स्टुलावर बसल्या. "अगंबाई! हे मी रोज करते? मला ठाऊकच नव्हतं हो. म्हणून लिहायचं राहिलं."

हसता हसता त्यांचे डोळे भरले. मनगट दुसऱ्या हाताने दाबून धरलं होतं. ते सुजलेलं मनगट मी तेव्हा नीट पाहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. मी दिवसभर बाईंच्या सुटकेच्या आड आलो होतो.

बाईंनी शेवटच्या पानावर कार्डाचं लिहिलं. त्याने वाचलं, स्वतः कापलं. कोपरा बसला. "घेतलं दुकान," तो म्हणाला.

निघायच्या दिवशी त्यांनी फाईल त्याच्या हातात ठेवली. म्हणजे सवतही इथेच, बाईंबरोबर जाणार नाही! मी खूश होणार, तोच बाई माझ्याकडे वळल्या. फटीतलं ते काळंमिट्ट कार्ड काढलं, पदराने पुसलं आणि पर्समध्ये टाकलं. "तुम्ही नवीन करून घ्या," त्याला म्हणाल्या. माझ्या पाठीवर एक थाप मारली आणि गेल्या.

आता फाईलशी माझं वैर नाही. दोघेही मागे राहिलेले, भांडायचं कशावरून? नवा मालक चांगला आहे, वेळेवर तेल घालतो, फक्त गुणगुणत नाही. जळतो मी आता त्या कार्डावर. चुकलेल्या नंबरचं, कुणालाही न दिलेलं, आणि तेच बाईंच्या घरी गेलं.

तुमच्याकडे बाईंच्या हातची एखादी फ्रेम असेल, तर कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवा. आणि कधी त्या भेटल्याच, तर कार्डाबद्दल विचारू नका. मनगट कसं आहे तेवढं विचारा.