डाव्या हाताचं इंजिन

इंद्रजितचा उजवा हात लोकांना दिसायचा, म्हणून लोक विचारायचे, "आता बरा हाय न्हवं?" हात होताच. पाची बोटं होती, नखं वाढत होती, दर रविवारी त्याची बायको राजेश्वरी ती कापायची. फक्त खांद्यापासून खाली तो हात त्याचा राहिला नव्हता. गळ्यातल्या झोळीतून काढला की नुसता लोंबायचा.

फेब्रुवारीत पहिली पाळी सुटल्यावर तो लोणी देवकरच्या कारखान्यातून मोटारसायकलवर लासुर्ण्याला घरी येत होता. इंदापूर मागं टाकल्यावर रस्त्यात उसाचं वाढं, शेंड्याचा हिरवा पाला, सांडलं होतं. चाक घसरलं आणि तो मान नि खांदा यांच्या मधल्या जागेवर आपटला. हाड एकही मोडलं नाही. बारामतीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की, मानेतून हातात उतरणाऱ्या नसा ताणल्या गेल्यात, काही तुटल्यात. "वर्षभर वाट बघू," ते म्हणाले.

कारखान्यात तो फिटर होता. यंत्राच्या भागातला केसाएवढा फरक बोट फिरवून ओळखायचा. आता साहेबांनी त्याला गेटवर बसवलं, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर डाव्या हातानं लिहायला. तेही त्यानं गिळलं. गिळवलं नाही ते इंजिनाचं.

गेली सात वर्षं इंद्रजित ठोकळ्यांच्या आगगाड्या बनवत होता. लहान मुलांच्या खेळण्यातले ते प्लॅस्टिकचे ठोकळे, वर बटणं असलेले, एकावर एक दाबले की घट्ट बसणारे. पण खोक्यावरच्या चित्राबरहुकूम नव्हे. आधी तो लॅपटॉपवर स्वतःचा आराखडा करायचा, कुठला ठोकळा कुठं ते ठरवायचा, मग मिळतील तिथून तुकडे जमवायचा आणि महिनोन् महिने जोडत बसायचा. गावातले हसायचे, एवढा बाप्या माणूस आणि खेळण्यांत रमतो म्हणून. राजेश्वरीही सुरुवातीला हसली होती.

यंदाचं इंजिन मात्र वेगळं होतं. पूर्वी बारामतीहून दौंडला लहान रुळांवरची गाडी जायची. त्या गाडीच्या वाफेच्या इंजिनापुढं उभं राहून काढलेला इंद्रजितच्या आजोबांचा एक फोटो घरात होता. त्या एका फोटोवरून मापं काढून त्यानं दोन वर्षं आराखडा केला होता. साडेनऊशे तुकडे, दीड वीत लांबी, आणि आतल्या छोट्या मोटरीवर चाकांना जोडणारे दांडे खरोखर फिरणारे. येत्या जानेवारीत पुण्याला अशा गाड्या करणाऱ्यांचं प्रदर्शन होतं. ते भरवणारे श्रीपादकाका बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांनी पत्रकावर त्याच्या नावानिशी छापूनही टाकलं होतं, 'बारामतीची छोटी गाडी'.

हाताचं त्यानं काकांना सांगितलंच नाही. फोन आला की म्हणायचा, "चाललंय काका, होतंय." एप्रिलपर्यंत त्याला वाटत होतं, हात येईल. जूनपर्यंत वाटत होतं, डाव्यानं जमेल.

डाव्यानं जमेना. एक तुकडा धरायला आणि दुसरा दाबायला असे दोन हात लागतात, हे सात वर्षांत त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं गुडघ्यांत धरून पाहिलं. टेबलाला लोखंडी वाईस लावून त्याच्या जबड्यात आवळून पाहिलं, तर जुना, पुन्हा न मिळणारा काळा तुकडा तडकला. दातांत धरून दाबायला गेला तेव्हा पुढच्या दाताचा टवका उडाला. तोंडातलं रक्त मोरीत थुंकताना त्याला आरशात स्वतःचा चेहरा दिसला आणि त्यानं आरसा भिंतीकडं फिरवून ठेवला.

राजेश्वरी घरीच ब्लाऊज शिवायची. तिचं मशीन त्याच खोलीत, खिडकीपाशी. सगळं ती बघत होती. शेवटी एका दुपारी ती मशीनवरून उठली आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

"मला सांगा. मी दाबते."

"तुला न्हाय जमायचं."

"मग शिकवा. हुका-बटणांत जल्म चाललाय माझा, ह्येबी बटणंच हायती की."

त्यानं लॅपटॉप तिच्याकडं वळवला. तो ठोकळ्यावरची बटणं मोजून माप सांगायचा, ती जोडायची. "दोन-बाय-चार, करडा, आडवा. न्हाय, आडवा म्हणलं! त्याच्या टोकाला एक-बाय-एक." सुरुवातीला ती चुकायची आणि तो ओरडायचा. शेजारची सारजाकाकू एकदा दारापर्यंत येऊन परत गेली. राजेश्वरी उलटून बोलली नाही. माणसाचा हात गेलाय, ओरडू दे, असं तिनं मनाशी धरलं होतं.

पण पंधरा दिवसांत ती चुकायची थांबली, आणि खरा त्रास तिथून सुरू झाला. तिची बोटं बारीक, सरावलेली. तो वाक्य पुरं करेपर्यंत तुकडा बसलेला असायचा. हळूहळू ती त्याच्या सांगण्याची वाटच बघेनाशी झाली. पडद्यावर नजर टाकायची, डबीतून तुकडा उचलायची आणि टक्‌ करून बसवायची. तुकडा बसल्याचा तो हलका दणका बोटाच्या टोकाला कसा लागतो, हे त्याला ठाऊक होतं. आता तो तिला लागत होता.

"हितं मधी पट्टी टाकली तर इंजिनाची पाठ वाकायची न्हाय," एकदा ती म्हणाली.

"आराखड्यात न्हाय ना पट्टी?"

"न्हाय. पण वाकतंय बघा."

वाकतच होतं. पट्टी टाकायला हवी होती. "टाक," तो म्हणाला, आणि उठून बाहेर गेला.

डिसेंबर उजाडला. बॉयलर झाला, ड्रायव्हरची केबिन झाली. अडलं ते चाकांवर. दांडे जोडले की चाकं अर्धा फेरा फिरायची आणि अडकून बसायची. इंद्रजितला कारण माहीत होतं. एका बाजूची चाकं दुसऱ्या बाजूपेक्षा पाव फेरा पुढं बसवावी लागतात. पण तो पाव फेरा कुठून मोजायचा, ते त्याच्या हाताला कळायचं, तोंडानं सांगता येत नव्हतं. तो सांगत गेला, ती फिरवत गेली, दांडे अडकत गेले. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. उद्या माझी बारामतीला तपासणी हाय. आल्यावर बघू."

बारामतीला त्याच्या हातात बारीक सुया टोचून नसा तपासल्या. डॉक्टर भले गृहस्थ होते. त्यांनी त्याला समोर बसवलं, पाणी दिलं.

"खांदा थोडाफार येईल. कोपरही, कदाचित."

"आणि बोटं?"

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "बोटांची आशा मी तुम्हाला देऊ शकत नाही."

तो एसटीत खिडकीशी बसला. भवानीनगर गेलं, सणसर गेलं. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्यानं डबा उघडून भाकरी पुढं केली, त्यानं नको म्हणून मान हलवली. त्याला रडू येत नव्हतं, कसला विचारही येत नव्हता. झोळीतल्या हाताच्या बोटांना तो मनातल्या मनात सांगत होता, हल. एकदा हल. कंडक्टरनं हाक मारली तेव्हा लासुर्णे आलं होतं.

घरात पाऊल टाकलं आणि राजेश्वरी दारातच उभी. तोंड भरून हसत होती.

"आधी हिकडं या. काय बोलू नका, नुसतं बघा."

टेबलावर रुळांचा गोल मांडला होता. त्यावर इंजिन. तिनं बटण दाबलं. इंजिन हललं, दांडे वरखाली झाले आणि चाकं कुठंही न अडखळता फिरत गेली. एक फेरा, दुसरा फेरा.

"पायमशीन कसं एका जागी आल्यावर अडतं, चाकाला हातानं धक्का द्याया लागतो? तसंच ह्ये. मी म्हणलं, दोनी बाजू एकदम त्या जाग्यावर येऊ नयेत. मग एक बाजू पुढं सरकवली. पाच-सहा डाव चुकलं, पण बसलं बघा. डाक्टर काय म्हणलं?"

इंद्रजित टेबलाजवळ गेला. त्याचं इंजिन होतं. फोटोतल्यासारखं होतं, हुबेहूब. आणि त्यातला एकही तुकडा त्यानं बसवलेला नव्हता.

त्यानं डाव्या हातानं टेबल झाडलं. इंजिन भिंतीवर आदळून फुटलं, तुकडे पलंगाखाली, मशीनखाली, चुलीपर्यंत गेले. एक चाक बराच वेळ फरशीवर गरगरत राहिलं.

राजेश्वरीनं आधी भिंतीकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "बोटं न्हाय येत म्हणलं का?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली.

"मग मला सांगायचं हुतं. रडायचं हुतं. मी धरलं असतं तुमाला." तिनं भिंतीकडं बोट केलं. "ह्यो माझाबी हात हुता हो. तुमी माझाच हात भिंतीवर आपटला."

ती मशीनवर जाऊन बसली. ब्लाऊजची बाही उलटी लागली, ती तिनं उसवली आणि पुन्हा उलटीच लावली.

त्यानंतर घरात जेवण-पाण्यापुरतंच बोलणं उरलं. इंद्रजित गेटवर जायचा, नंबर लिहायचा, यायचा. परत येताना एकदा तो कालव्यापाशीच एसटीतून उतरला आणि पुलाच्या कठड्याशी बराच वेळ उभा राहिला. पाणी भरून चाललं होतं. ओळखीच्या मल्हारनं ट्रॅक्टर थांबवून "घरी सोडू का?" म्हणून विचारलं नसतं, तर तो तिथं आणखी किती वेळ उभा राहिला असता आणि कशासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. ट्रॅक्टरवर बसल्यावर त्यानं डाव्या हातानं मडगार्डचा दांडा घट्ट धरला.

त्या संध्याकाळी त्यानं श्रीपादकाकांना फोन लावला.

"काका, इंजिन न्हाय होणार." आणि मग दहा महिने जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सगळं सांगितलं. हात, दात, डॉक्टर, टेबल. कालव्याचा पूलसुद्धा. राजेश्वरी चुलीपाशी होती. तिच्या हातातलं उलथणं थांबलं.

पलीकडून काका म्हणाले, "दहा महिने मी तुला इंजिनाचं विचारत होतो रे. तुझं विचारलंच नाही."

फोन ठेवल्यावर राजेश्वरी त्याच्याजवळ येऊन खाली बसली. तिनं त्याचा डावा हात घेतला आणि घट्ट धरून ठेवला. तव्यावरची भाकरी जळाली तरी ती उठली नाही.

प्रदर्शन त्याच्याविना झालं. इंद्रजित रोज संध्याकाळी फरशीवर बसून तुकडे गोळा करायचा, रंगाप्रमाणे डब्यांत टाकायचा. ते काम एका हाताला जमत होतं. सगळे गोळा व्हायला तीन आठवडे लागले. राजेश्वरीनं मदत केली नाही, त्यानंही मागितली नाही.

तुकडे वेचता वेचता त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. फरशीवर पडलेल्या ठोकळ्यावर दुसरा ठेवून वरून अंगठा दाबला, तर तो बसत होता. धरावं लागत नव्हतं, फरशीच धरत होती. त्यानं लॅपटॉप उघडला आणि नवा आराखडा सुरू केला. सगळे तुकडे फक्त वरून दाबता येतील असे. बाजूनं लावायचं काही नाही, हवेत धरायचं काही नाही. जोडताना खाली धरायची बटणांची पाटी त्यानं टेबलाला स्क्रूनं पक्की केली. दांडे सोडून दिले, बॉयलरची गोलाई सोडून दिली. फोटोतलं जवळजवळ सगळंच सोडून द्यावं लागलं. एकेका तुकड्यापाशी तो थांबायचा आणि त्याला तो सोडवायचा नाही.

मार्च उलटता उलटता ते झालं. चौकोनी, बसकं, पत्र्याच्या पेटीला चाकं लावल्यासारखं दिसत होतं. रुळावर ठेवलं, तर हातभर चाललं आणि वळणावर घसरलं. इंद्रजितनं उचलून परत ठेवलं. परत घसरलं.

राजेश्वरी मशीनवरून बघत होती.

"वंगाळ दिसतंय," तो म्हणाला.

"व्हय," ती म्हणाली. "पण तुमी केलंय."

हातातला ब्लाऊज बाजूला ठेवून ती म्हणाली, "ते जुनं मी करू का? तुमच्या हातचं म्हणून न्हाय. माझं म्हणून. मला करावंसं वाटतंय."

त्या आराखड्यातली दोन वर्षं त्याची होती, आजोबा त्याचे होते. नाही म्हणावं असं फार वाटलं. त्यानं डाव्या हातानं लॅपटॉप ओढला, जुनी फाईल उघडली आणि पडदा तिच्याकडं वळवला.

"ती पट्टी घाल मधी," तो म्हणाला. "न्हायतर पाठ वाकंल."

मग तो आपल्या इंजिनाकडं वळला आणि ते वळणावर का घसरतंय, ते बघायला खाली वाकला.