लॉर्डसाहेबांच्या डोक्यावरून

मी एक जुना केसांचा टोप आहे, मित्रांनो, न्यायाधीशाच्या डोक्यावरचा. जन्म घोड्याच्या शेपटीत झाला आणि आयुष्य माणसाच्या डोक्यावर गेलं. एवढी बढती फार थोड्यांना मिळते.

एडिंबरोतल्या एका कारागिराने माझे केस काठ्यांवर गुंडाळून उकळले आणि वळ्या पाडल्या. निनियन डनवुडी या कोवळ्या वकिलाने मला पहिल्यांदा डोक्यावर चढवलं, तेव्हा त्याचा मित्र फर्गस टॉड म्हणाला, "निन्या, छप्पर झकास झालंय रे. आता आत सामान भर."

आमच्या कोर्टाच्या लांबलचक दालनात वकील जोडीजोडीने फेऱ्या घालतात. चालताना बोललेलं दुसऱ्या कुणाच्या कानी पडत नाही. निनियन आणि फर्गस तिथे वर्षानुवर्षं चालले. खटल्यांबद्दल कमी बोलले, कुणाची बायको कुणाला काय म्हणाली याबद्दल जास्त. ते माझे सुखाचे दिवस.

मग निनियन निवडणुकीला उभा राहिला. बंदरावर मासे साफ करणारी एक बाई ओरडली, "निवडून आल्यावर तोंड दाखवशील का रे?"

"दाखवीन की, मावशी!"

"तोंड आत्ता बघत्येच आहे. धक्का बांधून दाखव."

तो निवडून आला. धक्का अजून विचाराधीन आहे. पुढे तो सरकारचा सर्वांत मोठा वकील झाला आणि शेवटी न्यायाधीश. नावामागे लॉर्ड लागलं. त्या दिवसापासून मीही त्यांना अहो-जाहो करतो. वर्तमानपत्रांनी फोटो छापला. त्यात मीच जास्त उठून दिसत होतो.

पण न्यायाधीशाने वकिलांत मिसळायचं नसतं. फर्गस कोर्टात समोर उभा राही, वाकून "मिलॉर्ड" म्हणे आणि कागद आवरून निघून जाई. लॉर्डसाहेब दाराआड एकटेच बार्लीचं सूप पीत आणि बाहेरच्या फेऱ्यांचे आवाज ऐकत. संध्याकाळी कधीकधी मला न काढताच बसून राहत. त्यांना 'निन्या' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं.

निवृत्तीच्या दिवशी ते त्या दालनात उतरले आणि चालू लागले. तरुण वकील अदबीने बाजूला झाले. इतके, की दालन रिकामं झालं. शेकोटीपाशी बाकावर म्हातारा फर्गस तेवढा गुडघा चोळत बसला होता.

"फर्गस, एक फेरी मारू या?"

फर्गस धडपडत उठला, वाकला. "जशी आज्ञा, मिलॉर्ड."

"आज्ञा नाही रे. विचारतोय."

फर्गसने माझ्याकडे बोट दाखवलं. "मग हे उतरव आधी. हे दिसलं की माझी मान आपोआप खाली जाते."

साहेबांनी मला बाकावर ठेवलं. दोघे निघाले, दुखऱ्या गुडघ्याच्या चालीने. दालनाच्या पार दुसऱ्या टोकाला कुणीतरी मोठ्याने हसलं. ते साहेबच होते, हे मला उशिरा कळलं. त्यांचं हसणं मी विसरलो होतो.

आता मी पत्र्याच्या डब्यात असतो. मित्रांनो, मला कसर लागू देऊ नका. अधूनमधून ऊन दाखवा. आमच्या ढगाळ एडिंबरोत ते पडलं तर. आणि उद्या तुमच्या डोक्यावर असं काही चढलंच, तर जेवायला बसताना तरी ते काढून ठेवत जा. आम्हाला एकटं बसायची सवय होते. माणसांना होत नाही.